द्रावक आणि मस्तिष्करक्षण

पक्षाघातासंबंधी वनस्पतींवर झालेले प्रयोग वाचताना औषधाइतकेच त्याच्या द्रावकाकडेही लक्ष द्यावयास हवे. पाण्यात न विरघळणारे अर्क अनेकदा डायमिथाइल सल्फॉक्साइड (डीएमएसओ) या द्रवात विरघळवितात. हा द्रव निष्क्रिय नाही. तो हायड्रॉक्सिल मुक्तमूलकांचे शमन करतो. मेंदूचा रक्तप्रवाह रोखलेल्या उंदरांत केवळ त्याच्या योगानेच मृत पेशींचे क्षेत्र घटल्याचे काही प्रयोगांत आढळले आहे. म्हणून निव्वळ द्रावक दिलेला तुलनागट नसेल, तर श्रेय वनस्पतीचे की द्रावकाचे, हे ठरत नाही. अनुपान व योगवाही द्रव्यांचा विचार करणाऱ्या आपल्या शास्त्रास ही दृष्टी परकी नाही.

मानवी पक्षाघातात मात्र डीएमएसओची उपयुक्तता सिद्ध झालेली नाही. अमेरिकेत १९७८ साली त्यास मान्यता मिळाली, ती मूत्राशयाच्या एका जीर्ण विकारासाठी. त्वचेतून शिरताना तो अन्य द्रव्येही आत नेतो; सबब औद्योगिक प्रतीचा डीएमएसओ औषधविक्रेत्यांनी उपचारार्थ देऊ नये.

तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, वाणी अडखळणे ही लक्षणे अकस्मात दिसताच रुग्णास सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ धाडावे. गुठळी विरघळविणाऱ्या औषधाची मुदत सामान्यतः साडेचार तासांची असते. ती दवडू नये, हेच खरे मस्तिष्करक्षण होय.