कापलेला कर परत मिळतो, पण कागद हवेत

सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत फॅब्रिकेशन, वेल्डिंग, रंगकाम, वायरिंग आणि मशीन दुरुस्तीची कामे घेणाऱ्यांत आपले कारागीर बांधव पुष्कळ आहेत. कंपनीच्या बिलातून एक टक्का रक्कम कापून येते. "टीडीएस कापला," एवढेच कॅशियर सांगतो आणि कारागीर उरलेले पैसे मोजून घरी येतो. कापलेली रक्कम गेली ती गेली, असे तो धरूनच चालतो. ही समजूत खोटी आहे. ती रक्कम सरकारकडे तुमच्या नावावर जमा असते. वर्षअखेर तुमच्यावर तेवढा कर निघत नसेल, तर ती परत मागणे हा तुमचा हक्क आहे. पण हक्क मागायला कागद लागतात, आणि आमचे घोडे अडते ते इथेच.

कापतात किती?

एका बिलाची रक्कम ३० हजारांपुढे गेली, किंवा एकाच कंपनीकडून वर्षभरात १ लाखाहून अधिक आले, तर कर कापला जातो. एकट्या मालकाच्या धंद्याला दर १ टक्का, भागीदारी पेढीला २ टक्के. पॅन दिला नाही, किंवा आधारशी न जोडल्यामुळे तो निष्क्रिय झाला असेल, तर थेट २० टक्के कापतात. मालेगावात व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणाऱ्या यंत्रमागधारकालाही, व्यापारी कर कापण्यास बांधील असल्यास, हाच नियम लागतो. मालट्रकवाल्यांनी मात्र ध्यानात ठेवावे की, १० किंवा त्याहून कमी गाड्या असल्याचे लेखी निवेदन आणि पॅन दिला, तर भाड्यातून कपात होत नाही.

हिशेब कसा बसतो?

उदाहरण घेऊ. एका फॅब्रिकेटरची वर्षाची बिले १० लाखांची झाली आणि १० हजार रुपये कापले गेले. लोखंड, रॉड, रंग यांवर साडेचार लाख, मजुरीवर १ लाख ८० हजार, गाळ्याचे भाडे, वीज आणि ऑक्सिजन सिलिंडर यांवर ७० हजार गेले. खर्च झाला ७ लाख, हाती उरले ३ लाख. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत व्यक्तीच्या १२ लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर कर पडत नाही. म्हणजे ते १० हजार पुरेपूर त्याचे. भागीदारी पेढीला ही सवलत नाही.

छोट्या धंद्याला अंदाजी उत्पन्नाची सोपी वाटही आहे. उलाढाल २ कोटींपर्यंत असेल तर रोखीच्या उलाढालीवर किमान ८ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के नफा दाखवून विवरणपत्र भरता येते. खर्चाची पावती-पावती मांडावी लागत नाही. रोखीची आवक ५ टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा ३ कोटी आहे. मात्र ६ टक्के हा खालचा आकडा आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवावा. वरच्या उदाहरणात ३ लाख दाखवूनही कर शून्यच. शिवाय उद्या बँकेत कर्जाला गेलात तर तेच उत्पन्न विचारले जाईल. दलाली व कमिशनच्या धंद्याला ही वाट बंद आहे. एकदा ती धरून मध्येच सोडली तर पुढची ५ वर्षे परत धरता येत नाही. खरा नफा याहूनही कमी असेल, तर वह्या आणि पावत्या लागतात, ऑडिटही मागे लागू शकते.

कोणते कागद जपावेत?

१) प्रत्येक कामाच्या बिलाची प्रत, त्यावर क्रमांक, तारीख आणि स्वतःचा पॅन.

२) कंपनीने दिलेला टीडीएसचा दाखला. तो मागून घ्यावा, त्यात संकोच कसला?

३) आयकर खात्याच्या संकेतस्थळावरचा, '२६ एएस' या नावाने ओळखला जाणारा कर-तक्ता. दाखला आणि तक्ता जुळला पाहिजे. कंपनीने कर कापला पण चुकीच्या पॅनवर भरला, तर तो तुमच्या नावावर दिसत नाही. दुरुस्ती कंपनीलाच करावी लागते, म्हणून तीन महिन्यांनी एकदा तरी तपासावे.

४) मालाची पक्की बिले. छापील यंत्राच्या पावतीची शाई उडते. तिची झेरॉक्स काढून ठेवावी.

५) मजुरीचे व्हाउचर: नाव, काम, तारीख, सही किंवा अंगठा. पाच हजारांवरील पावतीला १ रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट.

६) भाडेकरार, वीजबिले, वाहतुकीच्या पावत्या आणि बँकेचे पासबुक.

एक नियम फार जणांना नडतो. एका दिवसात एका व्यक्तीला १० हजारांहून अधिक रोख दिली, तर प्रत्यक्ष खर्चाच्या हिशेबात तो खर्च धरला जात नाही. २०१७ च्या अर्थसंकल्पापूर्वी ही मर्यादा २० हजार होती. मालवाहतूकदारासाठी ती ३५ हजार आहे.

पैसे येतात कसे?

विवरणपत्र मुदतीत भरून ३० दिवसांच्या आत त्याची पडताळणी केली नाही, तर ते भरले नाही असेच धरतात. तपासणी बंगळुरूच्या केंद्रात होते. १ मार्च २०१९ पासून परतावा पॅनशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होतो, म्हणून खाते आधी संकेतस्थळावर प्रमाणित करून घ्यावे. जुन्या वर्षाचा परतावा राहून गेला असेल, तर सबळ कारण देऊन ५ वर्षांपर्यंत विलंबमाफीचा अर्ज करता येतो.

उशिरा आलेल्या परताव्यावर सरकार दरमहा अर्धा टक्का व्याज देते. खात्याच्या सूचनापत्रात ते वेगळे दाखवलेले असते. मुद्दल ही तुमचीच कमाई. व्याजाच्या रकमेचे काय करावे, हे ज्याने त्याने आपल्या भरवशाच्या मुफ्तीसाहेबांना विचारावे. ही रक्कम उत्पन्नात दाखवणे मात्र कायद्याने भाग आहे.

टक्केवारीवाल्यांपासून सावध

"मोठा परतावा काढून देतो, त्यातले इतके टक्के माझे," असे सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. खोटी वजावट दाखवून ते मोकळे होतात. नोटीस येते ती तुमच्या नावाने. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशा खोट्या दाव्यांबद्दल देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली. सहीपूर्वी विवरणपत्र वाचून घ्या, आणि पासवर्ड कोणाला देऊन टाकू नका.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा आयकर कायदा लागू झाला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, म्हणून ते आम्ही मुद्दाम दिलेले नाहीत. आपल्या वर्षाला कोणता कायदा लागू, हे सल्लागाराकडून पक्के करावे.

कुरआन शरीफमधील सर्वांत मोठी आयत सूरह बकरामध्ये आहे आणि तिचा विषय आहे मुदतीच्या देण्याघेण्याची लेखी नोंद. व्यवहार लहान असो वा मोठा, लिहून ठेवायचा कंटाळा करू नये, अशी ती ताकीद आहे. ज्या उम्मतीला हे शिकवले गेले, तिच्या कारागिराचा हिशेब सिगारेटच्या पाकिटावर असावा, हे शोभत नाही. आजच एक फाइल घ्या, पहिले बिल लावा. इन्शाअल्लाह, घामाचा पैसा घरी येईल.