उशिराच्या आंब्याची पावसाशी शर्यत

अलिबाग : कोकणातील आंब्याचा हंगाम दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो. सिंधुदुर्ग, रत्नागिरीपाठोपाठ रायगडचा हापूस साधारणतः मे महिन्यात भरात येतो आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मोसमी पाऊस दाखल होतो. त्यामुळे अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनच्या बागायतदारांना मोजकेच आठवडे मिळतात. अशा किनाऱ्यावर उशिरा पिकणारी जात लावावी काय?

दक्षिण भारतातील निलम आंबा जून-जुलैपर्यंत बाजारात असतो. तो दरवर्षी फळतो आणि त्यात साका होत नाही. किनाऱ्यावर मात्र तो ऐन पावसात सापडतो. तेव्हा फळमाशी व करपा बळावतात आणि फळाची गोडी उतरते. निलम व हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राने १९८१ मध्ये 'रत्ना' ही साकाविरहित जात दिली.

जुलै-ऑगस्टमध्ये बुंध्याभोवती पॅक्लोब्युट्राझोल दिल्यास मोहोर लवकर येतो. फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचे सापळे उपयोगी पडतात. चौदा आणे तयार झालेले फळ झेल्याने देठासह उतरवून आढीत पिकविल्यास पावसापूर्वीचे दिवस वाचतात.

तरीही जोखीम उरते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस धडकले आणि आंबा, नारळ, सुपारीच्या बागा उन्मळून पडल्या. म्हणूनच उशिराच्या जातीची थोडी झाडे परसात शोभतात. संपूर्ण बाग तिच्यावर सोपविणे म्हणजे वर्षाची कमाई पावसाच्या हवाली करणे होय.