गर्भाशयाचे अस्तर आणि थेंबाथेंबाचे औषध

संघटनेच्या कचेरीत येणारी गाऱ्हाणी बहुधा पगाराची, रजेची, नाही तर बडतर्फीची असतात. पुष्कळ वर्षांपूर्वी एक कामगार भगिनी गर्भपातानंतरची सहा आठवड्यांची पगारी रजा मागत आली. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात ती तरतूद होती. आम्ही भांडून रजा मिळवून दिली आणि काम फत्ते झाले असे समजलो. दोन वर्षांनी ती पुन्हा आली. पाळी जवळजवळ बंद, दिवस राहत नाहीत, आणि घरात दोष तिलाच. "भाऊ, रजा मिळाली; पण माझं काय बिघडलं ते कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. आम्हालाही सांगता येईना. पुढे डॉक्टरांना विचारून आणि मिळेल ते वाचून जे समजले, ते श्रोत्यांपुढे मांडतो.

गर्भाशयाला आतून मऊ अस्तर असते. त्याचे दोन थर. वरचा थर दर महिन्याला वाढतो आणि गर्भ न राहिल्यास पाळीत गळून जातो. खालचा, पायाचा थर जागीच राहतो व त्यातून वरचा पुन्हा उगवतो. हरळी वरून कापली तर पुन्हा हिरवी होते. मुळे खणून काढली तर जागा उघडी पडते. येथेही तसेच. गर्भपातानंतर वा बाळंतपणानंतर गर्भाशय खरवडताना हत्यार खोल गेले, किंवा क्षयाचे जंतू तेथवर पोचले, तर पायाचा थर नष्ट होतो आणि समोरासमोरच्या जखमी भिंती एकमेकींना चिकटतात. १९४८ साली जोसेफ आशरमन यांनी याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून या विकाराला त्यांचे नाव मिळाले.

दुर्बिणीतून पाहून डॉक्टर चिकटलेला भाग सोडवतात. पण पुष्कळदा भिंती पुन्हा चिकटतात. मध्ये काही दिवस फुगा ठेवतात, परंतु फुगा औषध देत नाही. अस्तर वाढवणारे इस्ट्रोजेन गोळीने दिले तर ते शरीरभर फिरते. व्रणामुळे जेथे रक्तवाहिन्याच थोड्या उरल्या तेथे ते कमीच पोचते. मात्रा वाढवावी तर रक्तात गुठळ्या होण्याचे भय. पातळ औषध आत सोडावे तर ते वाहून जाते.

पिंडीवर घागर उपडी केली तर पाणी क्षणात निघून जाते. अभिषेकपात्राने पिंडी दिवसभर ओली राहते. शास्त्रज्ञ गर्भाशयासाठी असेच अभिषेकपात्र शोधत आहेत. आपल्या सांध्यांत असणारे हायल्युरोनिक आम्ल, कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून होणारे कायटोसान, समुद्रशेवाळातले अल्जिनेट यांचा पाणी धरून ठेवणारा लगदा करतात. तूप थंडीत थिजते. यांतले काही लगदे उलट शरीराच्या उबेने थिजतात, म्हणून बारीक नळीने आत सोडता येतात. लगद्याच्या जाळीत अडकलेले औषध हळूहळू सुटते. भिंती अलग ठेवणे, औषध पुरवत राहणे आणि काम संपल्यावर आपोआप विरघळणे, अशी तिहेरी कामगिरी त्याच्याकडे असते. लवकर विरघळला तर भिंती चिकटतात; रेंगाळला तर नव्या अस्तराला अडथळा होतो.

गर्भाशयात हळूहळू औषध सोडणे ही नवलाई नाही. लेव्होनॉर्जेस्ट्रेल सोडणारे साधन १९९० साली फिनलंडमध्ये मंजूर झाले. पण ते अस्तर पातळ करते, आपल्याला ते वाढवायचे आहे. हायल्युरोनिक आम्लाचा साधा लगदा आज शस्त्रक्रियेनंतर वापरतात. औषध भरलेले लगदे मात्र बहुतांशी उंदीर व सशांवरच तपासले गेले आहेत, आणि उंदरांना पाळी येत नाही! चीनमधील नानजिंग येथे २६ स्त्रियांच्या गर्भाशयात नाळेतील पेशी लावलेला कोलॅजेनचा पडदा बसवला. २०१८ च्या अहवालाप्रमाणे त्यांपैकी १० जणींना दिवस गेले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तेव्हा ही आशा आहे, हमी नव्हे.

मग तूर्त काय करावे? इजाच टाळावी. तीक्ष्ण हत्याराने खरवडण्याऐवजी शोषणयंत्र किंवा गोळ्या वापराव्यात, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील सुमारे ८२,००० ऊसतोड भगिनींच्या पाहणीत १३,००० हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. जेथे अवयवच इतक्या सहज काढला जातो, तेथे त्याचे अस्तर दुरुस्त करणारे महागडे औषध आपण होऊन पोचेल, हे आम्हाला खरे वाटत नाही. ते मागावे लागेल. आणि मागण्यापूर्वी काय बिघडते ते माहीत हवे. आम्ही त्या भगिनीला रजा दिली, उत्तर दिले नाही. ते उत्तर आज उशिरा देत आहोत.