दोन मिनिटांचं पान, वीस मिनिटांचा भात

तांदूळ शिजायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. कोवळा पाला दोन मिनिटांत शिजतो आणि सात-आठ मिनिटांत त्याची रया जाते. भात आणि पालेभाजी एकाच भांड्यात शिजवायची म्हटली की हा हिशेब आधी सोडवावा लागतो. आपण मराठी माणसांनी तो सोडवण्याऐवजी टाळला आहे. पानात भात मधोमध, अळूचं फदफदं वाटीत, मेथीची भाजी उजवीकडे. दोघांची गाठ पडते ती जेवणाऱ्याच्या बोटांत. मेथीभात, पालक-खिचडी हे प्रकार आहेत, नाही असं नाही, पण पंगतीचा मान त्यांना नाही. तो मसालेभाताचा, आणि त्यात तोंडली, वांगी, मटार जातात. पाला येतो तो कोथिंबिरीच्या रूपाने, तोही वरून. पूर्व आणि आग्नेय आशियात मात्र पाला घातलेला भात हे कुठे रोजचं जेवण आहे, कुठे सणाचं, आणि त्या प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं आणि दोन मिनिटं यांची तडजोड वेगळी झाली आहे.

मुळात बिघडतं काय, ते आधी पाहू. पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा, आणि त्या हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. पान तापलं की पेशी फुटतात, त्यांतली आम्लं बाहेर येतात, मॅग्नेशियम निसटतं आणि त्याची जागा हायड्रोजन घेतो. हिरवं पान शेवाळी, मग मातकट होतं. झाकण ठेवलं तर उडून जाणारी आम्लंही वाफेबरोबर परत भांड्यातच पडतात आणि हे काम आणखी लवकर होतं. भाताला तर झाकण हवंच. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून रंग टिकवता येतो, अनेक हॉटेलं ते करतातही, पण पानाचा लगदा होतो. म्हणजे भातात शिजलेलं पान हिरवं राहणार नाही, हे ठरलेलंच. मग करायचं काय?

शांघायचं उत्तर असं की हिरवं राहायला हवंच कशाला.

तिथला त्सायफान म्हणजे भाजीभात. भाजी चिंगत्साय, आपल्याकडच्या मोठ्या बाजारांत बॉक चॉय नावाने मिळते तिच्यातलाच शांघायी प्रकार. देठ बुटके, फिकट हिरवे, चिनी सुपाच्या चमच्यासारखे खोलगट. डुकराची चरबी वितळवायची, तीत मिठात मुरवून वाळवलेल्या मांसाचे बारीक तुकडे परतायचे, त्यांची चरबी सुटली की चिरलेली भाजी घालायची. मोहरीच्या कुळातल्या सगळ्याच भाज्यांना कच्चेपणी एक उग्र गंधकी वास असतो. तो या परतण्यात मवाळ होतो. मग धुतलेले तांदूळ, पाणी, झाकण. तांदूळ आखूड, गोल दाण्याचा. काही घरांत त्यात मूठभर चिकट तांदूळही मिसळतात. बासमतीसारखा स्वतःचा सुगंध या तांदळाला नाही. या भाताचा वास येतो तो चरबीचा, खारवलेल्या मांसाचा, गळून गेलेल्या भाजीचा आणि तळाशी धरलेल्या खरपुडीचा. सोबत सोयाबीन घालून उकळलेलं हाडांचं सूप.

हा पदार्थ हिवाळ्याचा. यांगत्सीच्या मुखाजवळच्या या सपाट मुलखात थंडीत पारा शून्याच्या आसपास उतरतो, शेतातल्या भाजीवर हिम पडतं, आणि तिथला कुठलाही घरचा स्वयंपाकी सांगेल की हिम खाल्लेलीच भाजी घ्यावी. यामागे साधं शरीरशास्त्र आहे. थंडीत पेशींतलं पाणी गोठू नये म्हणून वनस्पती आपल्याजवळच्या स्टार्चची साखर करते. साखर विरघळलेलं पाणी गोठायला अधिक थंडी लागते. भाजी स्वतःचा जीव वाचवण्यासाठी गोड होते आणि त्याचा फायदा खाणाऱ्याला मिळतो. सूचौमध्ये यासाठी तिथलीच एक जात नावाजलेली आहे, नानचिंगमध्ये दुसरीच, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या भाजीबद्दल जे बोलतात ते हापूसवरून देवगड आणि रत्नागिरीकरांनी बोलावं त्या थाटात.

जुन्या पद्धतीचा त्सायफान पिवळट-शेवाळी दिसतो. देठ विरघळून भातात गेलेले, पानं दाण्यांना चिकटलेली. हल्ली बऱ्याच ठिकाणी अर्धी भाजी बाजूला ठेवतात आणि गॅस बंद करताना मिसळतात, म्हणजे ताट हिरवंगार दिसतं. फोटोला ते बरं. माझं मत जुन्यांच्या बाजूचं आहे. शेवटी मिसळलेली भाजी भाताशेजारी बसते, भातात मुरत नाही, आणि तसंच करायचं तर आपली मेथीची भाजी आणि भात काय वाईट?

शांघायच्या दक्षिणेला वनचौ शहरात चिनी पंचांगाच्या दुसऱ्या महिन्यातल्या द्वितीयेला मोहरीच्या पाल्याचा भात खातात. तो खाल्ल्याने वर्षभर खरूज होत नाही, अशी समजूत. औषध म्हणून त्याचा उपयोग शून्य असावा, पण वसंताच्या तोंडावर पाल्याला जो तिखटपणा असतो त्यासाठी दिवस अचूक निवडला आहे.

कोरियाच्या कांगवन प्रांतातल्या डोंगरी लोकांनी हिशेबाची दुसरी बाजू धरली. पान लवकर शिजतं ही अडचण असेल तर लवकर न शिजणारं पान घ्या. चोंगसन भागात कोन्दुरे नावाची रानभाजी होते. ही काटेरी कुळातली, कोवळी असताना खुडून, उकडून, वाळवून ठेवतात. वाळलेलं पान भिजवून पुन्हा उकडायचं, पेरिलाच्या बियांचं तेल आणि मीठ चोळायचं आणि कच्च्या तांदळावर पसरून भाताबरोबर शिजू द्यायचं. हिरवेपणा आधीच गेलेला, त्यामुळे आता गमावण्यासारखं काही नाही. उलट वाळवणीतून आलेला गवताळ, किंचित चहासारखा वास त्या वीस मिनिटांत भातात उतरतो. खाताना वरून सोयासॉस, लसूण, तिळाचं मिश्रण घालून कालवतात. हे मुळात टंचाईचं अन्न. धान्य पुरत नसे म्हणून भातात पाला वाढवायचा. आज त्याच भातासाठी सोलहून गाड्या करून लोक चोंगसनला जातात. आपल्याकडे नाचणीचं झालं तसंच.

जपानमध्ये त्सायफान लिहायला चिनी लोक जी दोन अक्षरं वापरतात तीच वापरून एक पदार्थ लिहिला जातो, नामेशी. पण भांड्यातला प्रकार अगदी उलट. इथे पाला भाताबरोबर शिजतच नाही. मुळ्याचा किंवा सलगमचा पाला मिठाच्या उकळत्या पाण्यातून झटकन काढायचा, गार पाण्यात टाकायचा, घट्ट पिळून बारीक चिरायचा आणि गरम भातात मिसळायचा. भरपूर पाण्यात आम्लं पातळ होतात, झाकण नसल्याने उडूनही जातात, आणि वेळ मिनिटभराचा, रंग टिकतो. एदो ते क्योतो या तोकाइदो मार्गावरच्या चहाघरांत हा भात आणि मिसो लावून भाजलेलं टोफू ही जोडी प्रवाशांना मिळत असे. हिरोशिगेने 1833-34 च्या सुमारास त्या मार्गावरच्या मुक्कामांची जी प्रसिद्ध चित्रमालिका काढली, तिच्यातल्या इशिबेच्या चित्रात मेगावा गावचं असंच एक चहाघर आहे. आइची प्रांतातल्या तोयोहाशीत ती जोडी अजून विकली जाते. सात जानेवारीला सात पाल्यांची पेज खायची जपानी रीतही याच पंथातली: पेज आधी पूर्ण शिजते, पाला शेवटी. सणासुदीच्या जड जेवणानंतर पोटाला आराम म्हणून ही पेज खातात, आणि चवीला ती तशीच लागते.

मलाय द्वीपकल्पात आलं की प्रश्नच उलटतो. नासी उलाममध्ये पानं शिजवतच नाहीत. हळदीचं कोवळं पान, मकरूट लिंबाचं पान, गवती चहाचा बुंधा, व्हिएतनामी कोथिंबीर, विड्याच्या पानाच्या कुळातलं दाउन कादुक, शिवाय एका आल्याच्या जातीची गुलाबी कळी. सगळी पानं एकावर एक रचून घट्ट गुंडाळी करतात आणि धाग्याइतकी बारीक चिरतात. जाड चिरलं तर मकरूटचं पान चामड्यासारखं दाताखाली येतं. बारीक चिरण्यातच अर्धी कला आहे. भात थंड हवा. गरम भातात पानं काळवंडतात आणि सगळे सुगंध वाफेबरोबर निघून जातात. भाजून कुटलेलं खोबरं, सुकट किंवा खारवलेला मासा घालून हे हाताने कालवतात. आपल्याकडे हळदीचं पान पातोळ्यांना गुंडाळायला वापरतात आणि खाताना बाजूला काढतात. तेच पान कच्चं चिरून भातात घालता येतं, हे मला बरीच वर्षं सुचलं नव्हतं.

श्रीलंकेतली कोळ-कँद ही सकाळची पेज या दोन टोकांच्या मधली. तांबड्या तांदळाची पेज नारळाच्या दुधात शिजवतात, गोटुकोळ म्हणजे आपली मंडूकपर्णी, तिच्यासारखा पाला वाटून, पिळून त्याचा रस काढतात आणि उकळी फुटायच्या बेतात तो ओततात. लगेच खाली. पान नाही, नुसता त्याचा रस. चोथा टाकून दिलेला. पेजेच्या घोटाबरोबर गुळाचा खडा चावायचा.

श्रीलंकेच्याच स्वयंपाकघरात आणखी एक पान असतं, रंपे. मलाय लोक त्याला पांदान म्हणतात. ते भातात पूर्ण वीस मिनिटं शिजतं, गाठ मारून टाकलेलं असतं आणि वाढताना काढून फेकतात. नारळाच्या दुधातला नासी लेमाक, सिंगापूरचा कोंबडीभात, श्रीलंकेचा पिवळा भात, सगळीकडे तेच. खायचं नसलेलं पान, त्यामुळे रंगाची फिकीर नाही. ताजं पान नुसतं हुंगलं तर फारसं काही कळत नाही. सुकू लागलं किंवा तापलं की मात्र ओळखीचा वास सुटतो, आणि मराठी माणसाच्या तोंडून आपोआप निघतं, अरे, हा तर आंबेमोहर!

हे नुसतं साम्य नव्हे. रॉन बटरी हे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत वासांचं रसायन तपासत. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतले ब्येनवेनिदो हुलियानो आणि सहकारी लुईसा लिंग यांच्याबरोबर त्यांनी 1982 मध्ये दाखवून दिलं की सुवासिक भाताचा तो खास वास मुख्यतः एका रेणूचा आहे: 2-असेटिल-1-पायरोलिन. पाण्याच्या एक अब्ज भागांत त्याचा एक दशांश भाग असला तरी नाकाला तो कळतो. पुढच्याच वर्षी त्यांना तोच रेणू पांदानच्या पानात सापडला, सुवासिक तांदळाच्या सुमारे दहापट. शतकानुशतकं आग्नेय आशियातल्या बायका साध्या तांदळात पांदानची गाठ टाकत होत्या, त्या नेमकं हेच करत होत्या: बिनवासाच्या तांदळाला सुवासिक तांदळाचा वास देत होत्या.

तांदळात हा वास येतो तो एका बिघाडामुळे. आठव्या गुणसूत्रावर बीएडीएच-2 नावाचं जनुक आहे. ते धड असलं तर पायरोलिनचा कच्चा माल दुसऱ्याच कामी लागतो. सुवासिक जातींत त्या जनुकाचे आठ अक्षरांएवढे घटक गळलेले असतात, असं ऑस्ट्रेलियातल्या लुई ब्रॅडबरी आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दाखवलं. जनुक बंद, म्हणून वास चालू. 2009 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या अभ्यासातून असं निघालं की बासमती आणि जास्मिन या दोघांतही सापडणारा हा बिघाड जपोनिका वंशात उपजला आणि माणसांनी निवडून निवडून तो पसरवला. हाच रेणू मोहाच्या फुलात आहे आणि वाघाच्या मूत्रगंधातही; कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले रतनलाल ब्रह्मचारी यांनी ते शोधून काढलं. जंगलात गेलेल्या माणसाला अचानक सुवासिक भाताचा वास आला तर त्याने खूश होण्यापूर्वी आजूबाजूला पाहावं.

पांदान हा केवड्याचा भाऊबंद. पण केवड्याचा वास फुलोऱ्यात आणि अगदी निराळा, पांदानचा पानात. त्याला फुलं जवळजवळ येतच नाहीत, फुटवे लावूनच ते पसरतं. विल्यम रॉक्सबर्ग यांनी कोलकात्याच्या वनस्पतिउद्यानातलं रोप पाहून केलेलं त्याचं शास्त्रीय वर्णन 1832 मध्ये छापलं गेलं. कोकण-गोव्यातल्या काही परसांत आणि हल्ली शहरांतल्या कुंड्यांत ते अन्नपूर्णा नावाने असतं. रोपवाटिकेत सहज मिळतं, सावलीत वाढतं. आंबेमोहराचा भाव पाहता कोलमच्या भातात या पानाची गाठ टाकणं हा शहाणा व्यवहार आहे. फक्त कुणाला आंबेमोहर म्हणून वाढू नये.

आता आपल्या स्वयंपाकघराचं. पांदान घालायचं तर पाणी उकळण्याआधीच घालावं, आणि थोडं तूप किंवा नारळाचं दूध असू द्यावं; स्निग्ध पदार्थात वास धरून राहतो. तांदूळ अर्धा तास भिजवला तर शिजायला कमी वेळ लागतो आणि तेवढा सुगंध कमी उडतो. पण सुवासिक तांदूळ आणि उग्र पाला एकत्र आणू नयेत. आंबेमोहरात मुळ्याचा पाला घातला तर पाला जिंकतो आणि महागाचा तांदूळ वाया जातो. जपानी पद्धतीचा मुळ्याचा भात कोलमवर करावा. दुकानदार फेकून देतो तो कोवळा पाला मागून आणावा, मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून काढावा, आणि पिळताना अजिबात दया दाखवू नये. पाणी राहिलं तर भात गिजका होतो.

शांघायी भातासाठी इंद्रायणी उत्तम. आंबेमोहर आणि आयआर-8 यांच्या संकरातून वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आलेली ही जात, दाणा चिकटसर, वास बेताचा. चरबीऐवजी तूप चालतं, मांस नको असेल तर सुके मश्रूम भिजवून घालावेत; तिथली शाकाहारी मंडळीही मश्रूमवरच भागवतात. बॉक चॉयमध्ये पंच्याण्णव टक्के पाणीच असतं. त्यामुळे दोन वाट्या तांदळाला चांगली मोठी जुडी घेतली तर एरवीच्या पाण्यातून अर्धी-पाऊण वाटी कमी करायची. भाजी तुपात पूर्ण मलूल झाल्याशिवाय तांदूळ घालायचे नाहीत. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. आणि कुकर नको, त्यात खरपुडी धरत नाही. जाड बुडाचं पातेलं घ्यावं.