कृपा की पुरुषार्थ?

भांदकच्या केसरिया पार्श्वनाथांपुढे हात जोडणारा श्रावक जाणतो की वीतराग काही देत नाहीत. कर्माचे खाते ज्याचे त्यानेच फेडावयाचे. तरीही आरमोरी-देसाईगंजच्या पेढ्या बंद ठेवून माणसे तेथे जातात आणि मागणेही मागतात.

हा पेच केवळ आपलाच नाही. गुरुदेव रा. द. रानडे यांनी १९३३ साली महाराष्ट्रातील संतांच्या साक्षात्कारावर इंग्रजी ग्रंथ लिहिला, तेव्हा तुकोबांच्या तळमळीला ख्रिस्ती संतांची ‘आत्म्याची काळरात्र’ ही संज्ञा लावली. रानडे ग्रीक तत्त्वज्ञानाचेही अभ्यासक होते, आणि ख्रिस्ती गूढवादाचे एक मूळ ग्रीक परंपरेतील प्लॉटिनसपाशी पोचते.

तिसऱ्या शतकातील या तत्त्वज्ञाला भारतीय विचारांची ओढ होती. त्यासाठी तो २४३ मध्ये सम्राट गॉर्डियनच्या इराणस्वारीबरोबर निघाला. सम्राटाच्या मृत्यूने वाट खुंटली आणि तो रोमला स्थिरावला. शिष्य पॉर्फिरीने लिहिलेले त्याचे चरित्र वाचताना आपल्याच घरातील कोणी भेटल्यासारखे वाटते. तो मांस खात नसे. प्राणिज औषधही त्याने नाकारले. रोगॅटियानस नावाचा सिनेटर मालमत्तेचा त्याग करून एका दिवसाआड जेवू लागला. हे आपले एकांतरच! शाकाहार सोडलेल्या मित्राला परतविण्यासाठी पॉर्फिरीने ग्रंथच लिहिला. अनेक अनाथ मुलांची मालमत्ता प्लॉटिनसकडे सोपविलेली असे, आणि हा ध्यानमग्न पुरुष तिचे हिशेब बारकाईने तपाशी. मुले तत्त्वज्ञ होत नाहीत तोवर त्यांची मिळकत शाबूत राहिली पाहिजे, असे तो म्हणे.

मूर्तिकार नको तो दगड काढून टाकतो, तसे आत्म्यावरचे मळ साधकाने स्वतःच झडवावे, ही त्याची शिकवण. आपण हिला निर्जरा म्हणू. संत ऑगस्टीनने (३५४–४३०) हे विचार लॅटिन अनुवादातून वाचले आणि त्यांचे ऋणही मानले. परंतु मनुष्य स्वबळावर तेथवर चढू शकत नाही, ईश्वरानेच कृपेने खाली यावे लागते, असे त्याने ठामपणे सांगितले.

येथे आपण प्लॉटिनसच्या बाजूचे. मग पूजा कशासाठी? वीतरागाला पूजेचे प्रयोजन नाही, तरी त्याच्या गुणांच्या स्मरणाने पूजकाचेच चित्त निर्मळ होते, असे आचार्य समंतभद्रांनी स्वयंभूस्तोत्रात म्हटले आहे.

गंतव्याविषयी मात्र पारडे फिरते. प्लॉटिनसचा आत्मा त्या ‘एका’शी एकरूप होतो. सिद्धशिलेवर प्रत्येक सिद्ध स्वतंत्र असतो. कोणी कोणात विरत नाही. या बाबतीत ऑगस्टीनच आपल्याला जवळचा, कारण त्याच्या स्वर्गातही भक्ताचा आत्मा ईश्वराहून वेगळाच राहतो.