तिसऱ्याची पाळी

मगरिबची नमाज झाली की आमच्या घरात आम्ही तिघेच उरतो. मी, तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. मुलांचे अब्बा कुवेतला असतात. तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे त्यांची ड्युटी सुटून फोन येईपर्यंत इथे साडेनऊ वाजतात. कोकणातल्या मोहल्ल्यामोहल्ल्यांत अशी घरे आहेत. मधले दोन-अडीच तास कसे जातात, हे त्या घरांतल्या बायकांना विचारा. आमच्याकडे मुलगी एका खोलीत मोबाइल घेऊन, मुलगा टीव्हीसमोर आणि मी स्वयंपाकघरात. तिघे एका छपराखाली, पण एकत्र कुणीच नाही.

गेल्या पावसाळ्यात दोन दिवस नेट बंद पडले. टीव्हीही दिसेना. शेवटी मी कपाटावरचा कॅरम बोर्ड खाली काढला, पुसला, बोरिक पावडर टाकली आणि दोघांना हाक मारली. काळ्या-पांढऱ्यांचा डाव दोघांचा. म्हणून ठरले, हरेल तो उठेल आणि तिसरा बसेल. व्हायचे तेच झाले. मुलगा लहान, तो दरवेळी हरायचा, उठायचा आणि आमचा डाव संपेपर्यंत भिंतीला टेकून बसायचा. तिसऱ्या वेळी त्याने हाताने सगळ्या सोंगट्या उधळल्या. म्हणाला, "अम्मी, तू आणि आपाच खेळा. मी काय नुसता पावडर टाकायला आहे?"

मी त्याला रागावले. तो न जेवता झोपला. रात्री मला एक हदीस आठवली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. तिघे जण एकत्र असतील तर तिसऱ्याला वगळून दोघांनी आपसांत कुजबुजू नये, कारण त्याने त्याला वाईट वाटते, असा तिचा आशय. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट मी मोठ्यांच्या बैठकीपुरती धरली होती. ती आपल्या कॅरम बोर्डाभोवतीही लागू पडते, हे त्या रात्री कळले. चूक मुलाची नव्हती. मी दोघांचा खेळ तिघांत मांडला होता.

तीन हा आकडा खेळाला अवघड. दोघे असले की सरळ सामना होतो, चौघे असले की जोड्या पडतात. तिघांत मात्र एक जण बाहेर बसतो, नाहीतर दोघे मिळून तिसऱ्याला हरवतात. म्हणून तिघांसाठी खेळ निवडताना आम्ही आता दोनच गोष्टी पाहतो. कुणी बाहेर बसता कामा नये आणि सगळ्यात लहान असेल त्यालाही जिंकायची खरी संधी हवी. मुद्दाम हरून त्याला जिंकवायचे नाही. मुलांना ते लगेच कळते आणि जिंकल्याचा आनंदही जातो.

कॅरम, पण पॉइंटचा

काळ्या-पांढऱ्यांची वाटणी करायची नाही. तिघांनी बोर्डाच्या तीन बाजूंना बसायचे आणि कुठलीही सोंगटी घ्यायची. काळीचे 10, पांढरीचे 20 आणि राणीचे 50 पॉइंट. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक राणी मिळून 320 होतात. राणी घेतल्यावर लगेच दुसरी सोंगटी घ्यावी लागते, नाहीतर राणी परत मध्यभागी. स्ट्रायकर खड्ड्यात गेला तर आपली एक सोंगटी परत ठेवायची. शेवटपर्यंत कुणी उठत नाही, आणि बेरीज लिहायचे काम धाकट्याकडे दिले की त्याचे गणितही होते.

राजा, शिपाई, चोर

हा खेळ आपण लहानपणी चौघांत खेळायचो, प्रधान धरून. तिघांत प्रधान काढून टाकायचा. तीन चिठ्ठ्यांवर राजा, शिपाई आणि चोर लिहून त्या उडवायच्या. प्रत्येकाने एकेक उचलायची. फक्त शिपायाने स्वतःला जाहीर करायचे. राजाने गप्प राहायचे. शिपायाने उरलेल्या दोघांचे चेहरे पाहून चोर ओळखायचा. राजाला नेहमी 1000. शिपायाने बरोबर ओळखले तर त्याला 500, चुकला तर ते 500 चोराला. दर डावाला चिठ्ठी बदलते, म्हणून दोघांची टोळी होत नाही. आमचा मुलगा चोर असला की छताकडे बघतो. पण हल्ली तो राजा असतानाही मुद्दाम छताकडे बघू लागला आहे!

नाव, गाव, फळ, फूल

तीन कागद आणि तीन पेन्सिली पुरतात. एकाने मनात क, ख, ग म्हणत जायचे, दुसऱ्याने "बस" म्हणायचे. येईल त्या अक्षरावरून नाव, गाव, फळ, फूल लिहायचे. आम्ही एक रकाना खाण्याच्या पदार्थाचा वाढवला आहे. एकट्याचेच उत्तर असेल तर 10, दोघांचे सारखे आले तर दोघांना 5-5 आणि तिघांचेही सारखे आले तर शून्य. लहान मुलाला फुलाचा रकाना माफ करावा, नाहीतर तो तिथेच अडून बसतो. त्याची बेरीज करताना आपल्याही फुलाचे गुण धरू नयेत, म्हणजे हिशेब सारखा राहतो. या खेळात मोठे हुशार ठरतीलच असे नाही. एकदा 'म' आला. मी आणि मुलीने घाईत मुंबई लिहिले. मुलाने लिहिले होते मदीना. आम्हाला 5-5, त्याला 10.

ईदच्या बाजाराची यादी

दिवे गेल्यावर खेळायचा खेळ. पहिला म्हणतो, "ईदच्या बाजारातून शेवया आणल्या." दुसरा म्हणतो, "शेवया आणि खजूर आणला." तिसरा दोन्ही म्हणून तिसरी वस्तू जोडतो. क्रम चुकेल त्याला एक गुण दंड, पण बाहेर बसायचे नाही. चुकलेल्यानेच नवी यादी सुरू करायची. पंधरा-सोळा वस्तू झाल्या की आम्ही मोठ्या अडखळतो आणि आठ वर्षांचा मुलगा घडाघडा सांगत सुटतो.

सागरगोटे

हा खेळ माझ्या नानीचा. सागरगोटा म्हणजे काटेरी वेलीचे राखाडी, टणक बी. ते न मिळाले तर गुळगुळीत खडे चालतात. पाच गोटे जमिनीवर टाकायचे. एक वर उडवून तो खाली येईपर्यंत जमिनीवरचा एक उचलायचा आणि उडवलेला झेलायचा. असे एकेक करून चारही उचलायचे. मग दोन-दोन, मग तीन आणि एक, शेवटी चारही एकदम. झेल सुटला की पाळी पुढच्याची. पुन्हा आपली पाळी आली की जिथे चुकलो तिथूनच सुरू करायचे. पाळ्या भराभर फिरतात, त्यामुळे तिघांत कुणालाच फार वाट पाहावी लागत नाही.

काही घरांत फाशांचे खेळ टाळतात. वरच्या एकाही खेळात फासा नाही. आम्ही आणखी एक नियम केला आहे. पैज लावायची नाही, अगदी "हरेल त्याने आइस्क्रीम द्यायचे" अशीही नाही. जुगार हराम आहे हे मुलांना माहीत असते, पण हरलेल्याकडून काहीतरी घ्यायची गोडी अशा छोट्या पैजांतूनच लागते. आणि इशाची अजान झाली की डाव तिथेच थांबतो. नमाज आणि जेवण झाल्यावर वेळ उरला तर पुढे.

रोज खेळणे होते असे नाही. परीक्षा असतात, पाहुणे असतात, कधी माझेच डोके दुखत असते. आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी अर्धा-पाऊण तास मिळतो. मुलगी शाळेतल्या ज्या गोष्टी विचारूनही सांगत नव्हती, त्या आता स्ट्रायकर नेम धरताना आपणहून सांगते.

परवा साडेनऊला फोन वाजला तेव्हा डाव शेवटाला आला होता. मुलानेच उचलला. सलाम करून म्हणाला, "अब्बा, थोडं थांबा, माझी पाळी आहे." त्याने फोन बोर्डाच्या चौथ्या, रिकाम्या बाजूला उभा करून ठेवला. डाव संपेपर्यंत अब्बा तिथून बघत होते.