बाळंतीण आणि डंबेल्स



गेल्या महिन्यात माझी नात तीन महिन्यांचे बाळ घेऊन अश्दोदहून आमच्याकडे राहायला आली. बाळाच्या सामानात एक लहानशी पिशवी होती. ती उचलायला गेले तर हात खालीच ओढला गेला. आत दोन डंबेल्स, चार-चार किलोंचे! मी ओरडलेच, "अगो, सिझेरियन झालंय ना तुझं? हे काय मांडलंस?" तिला मराठी कळते, बोलता येत नाही. हिब्रूतच म्हणाली, "आजी, आधी सल्कलचं वजन कर."

सल्कल म्हणजे बाळाला गाडीतून न्यायची ती कडीवाली खुर्ची. काट्यावर ठेवली. खुर्ची चार किलो, आत सहा किलोंचे बाळ. हे दहा किलो ती रोज तीन जिने वरखाली नेत होती, एका हाताने, अंग वाकडे करून. त्याबद्दल तिला कोणी एक शब्द बोलले नव्हते. डंबेल्स दिसल्याबरोबर मात्र आम्ही सगळ्या म्हाताऱ्या तुटून पडलो.

आपल्या वेळी मुलगा झाला तर चाळीस दिवस आणि मुलगी झाली तर ऐंशी दिवस पाळत. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, आणि पोट लुगड्याच्या पट्टीने आवळून बांधायचे. मी त्याला हसणार नाही. गर्भाशय मूळ आकारावर यायला सहाएक आठवडे लागतात, तेव्हा आयांची विश्रांती बरोबरच होती. (मात्र अगदी पलंगावरून उठूच न देणे चुकीचे. पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, म्हणून आम्ही नर्सेस बाळंतिणीला लवकर चालती करायचो.) पण चाळिसावा दिवस संपला की काय? एकदम भरलेली कळशी, धुण्याची बादली, कडेवर पोर. आरामातून थेट ओझ्यात. मधली पायरीच नव्हती. ही मुले आता जो व्यायाम करतात ना, तो म्हणजे ती मधली पायरी.

माझेच सांगते. 1976 साली मुंबईत माझे पहिले बाळंतपण झाले. नंतर लवकरच मी वॉर्डात कामाला लागले. पेशंटला उचलायचे, कुशीवर वळवायचे, हे सगळे आलेच. शिंकले, खोकले की कपडे ओले व्हायचे. एका मोठ्या सिस्टरला हळूच विचारले तर म्हणाली, "पोरं झाली की असंच." मी मानले. नर्सिंगचा डिप्लोमा घेतलेली बाई, आणि कितीतरी वर्षे पॅड लावून फिरले, नवऱ्यालाही बोलले नाही. आपल्यापैकी किती जणी अशा गप्प असतील, मला ठाऊक आहे.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. हिब्रूत तिला रित्सपत हा-अगान म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय हे सगळे तिच्यावर तोललेले असते. नऊ महिन्यांच्या भाराने ती सैल पडते, म्हणून सिझेरियनवालीलाही हा त्रास होऊ शकतो. पोटाचे उभे स्नायूही मधोमध फाकतात. पट्टी बांधली की आधार वाटतो, पण स्नायूंत ताकद येते ती कामाने. अमेरिकेतले डॉक्टर आर्नोल्ड केगल यांनी 1948 मध्येच हे स्नायू हळूहळू वाढत्या व्यायामाने बळकट होतात असे मांडले. शिकताना मी त्यांचे नाव पाठ केले होते. कसे करायचे ते कोणी दाखवले नाही.

सुरुवात डंबेल्सने नाहीच. पहिले काही आठवडे नुसते चालणे, पोटातून श्वास, आणि डॉक्टर नको म्हणाले नसतील तर लघवी रोखल्यासारखे ते स्नायू आत-वर ओढून सोडणे. सोडणेही तितकेच महत्त्वाचे. सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टर हो म्हणाले की पुढचे. सिझेरियनवालीने त्याआधी बाळापेक्षा जड काही उचलू नये. मग खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड, उताणे पडून गुडघे मुडपून कंबर उचलणे. प्रत्येक आठ-दहा वेळा, दोनदा, आठवड्यातून दोन-तीन दिवस. ते सोपे वाटू लागले की हातात लिटरभर पाण्याच्या बाटल्या, मग डंबेल्स. उचलताना श्वास सोडायचा. दम कोंडून उचलले की सगळा दाब खाली येतो.

लघवी गळली, खाली जड-जड वाटले, किंवा पोट मधोमध तंबूसारखे वर आले, तर वजन कमी करायचे आणि पेल्विक फ्लोअरच्या फिजिओथेरपिस्टला दाखवायचे. थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू झाला, टाका दुखू लागला किंवा ओला झाला, ताप आला, पोटरी सुजून दुखली, तर व्यायाम बंद आणि डॉक्टरकडे. छाती दुखली वा धाप लागली तर तडक इस्पितळात. धावणे-उड्या तीन महिन्यांच्या आत नकोत.

"दूध आटेल" ही आपली मोठी भीती. बेताच्या व्यायामाने दूध आटत नाही, नासतही नाही. तिने पोटभर जेवावे, पाणी प्यावे, आणि आधी बाळाला पाजून घ्यावे म्हणजे छाती हलकी राहते. लाडू खुशाल द्या.

आमच्या घरी आता सोमवार-गुरुवार संध्याकाळी पंचवीस मिनिटे बाळ माझ्याकडे असते. ती मोजते, मी झुलवते.

आणि हो, सत्तरी उलटल्यावर मी स्वतः कुपत होलीमच्या डॉक्टरकडून चिठ्ठी घेतली आणि त्या फिजिओथेरपिस्टकडे गेले. माझ्या वयाचे तिला काहीच वाटले नाही. चार महिने रोज केले. पॅड आता फक्त लांबच्या प्रवासाला लावते. तुम्हाला त्रास असेल तर डॉक्टरला "रित्सपत हा-अगान" एवढे दोन शब्द सांगा, पुढचे तो विचारील.